प्राचीन दगडी भिंती आणि सूर्याच्या दिशा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आकाशदर्शनाच्या कार्यक्रमाला किंवा गडावर गेलं की कुणीतरी हमखास बाजूला घेऊन विचारतं, "ही भिंत बरोबर सूर्याच्या रेषेत आहे म्हणतात, खरं का?" कधी फोटो येतो, कधी नकाशावर ओढलेली लाल रेघ. परत परत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काहींची उत्तरं लांबली आहेत, कारण ते प्रश्नच तसे आहेत.

भिंत "सूर्याच्या रेषेत" आहे म्हणजे नेमकं काय?

भिंतीच्या एका टोकाशी उभं राहून तिच्या लांबीच्या दिशेने पाहिलं, की नजर क्षितिजावर एका जागी टेकते. वर्षातल्या एखाद्या खास दिवशी सूर्य तिथेच उगवत किंवा मावळत असेल, तर भिंत सूर्याच्या रेषेत आहे असं म्हणतात. भिंतीऐवजी दरवाजा, खिडकी, दोन बुरुजांमधली फट किंवा लांब बोळही चालतो. अशा दाव्यांचा अभ्यास करणाऱ्या शाखेला पुराखगोलशास्त्र म्हणतात. यातला अर्धा भाग खगोलशास्त्राचा आणि अर्धा उत्खननाचा. भांडणं बहुतेक या दोघांच्या शिवेवर होतात.

सूर्य तर पूर्वेला उगवतो. मग इतक्या दिशा आल्या कुठून?

तो नेमका पूर्वेला वर्षातून दोनदाच उगवतो, 20-21 मार्च आणि 22-23 सप्टेंबरच्या सुमारास. हे विषुवदिन. त्यानंतर उगवतीची जागा क्षितिजावर सरकत जाते. 21 जूनला ती उत्तरेकडच्या टोकाला पोचते आणि 21-22 डिसेंबरला दक्षिणेकडच्या. हे अयनदिन. पुण्याच्या अक्षांशावर ही टोकं पूर्वेच्या दोन्ही अंगांना सुमारे 25-25 अंशांवर येतात. हात ताठ करून मूठ धरली की ती साधारण 10 अंश झाकते, तेव्हा पूर्वेपासून अडीच मुठी डावीकडे आणि अडीच उजवीकडे, एवढंच सूर्याचं अंगण. जसजसे उत्तरेला जाल तसं ते रुंदावतं. इंग्लंडमध्ये स्टोनहेंजच्या प्राचीन दगडी वर्तुळापाशी हेच अंतर 40 अंशांच्या जवळ जातं.

सरकण्याचा वेगही सारखा नसतो. विषुवदिनाच्या आसपास सूर्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासूनचं त्याचं अंतर, रोज 0.4 अंशाने बदलते. सूर्याचं बिंबच अर्ध्या अंशाचं असल्यामुळे रोज जवळजवळ एक बिंबभर फरक पडतो. अयनदिनाला मात्र सूर्य थबकल्यासारखा होतो. आधीचे पाच आणि नंतरचे पाच दिवस धरले तरी क्रांतीतला फरक बिंबाच्या पाचव्या हिश्श्याएवढाही नसतो. त्यामुळे "फक्त 21 जूनलाच किरण इथे पडतो" असं कुणी सांगितलं, तर 17 तारखेलाही जाऊन बघा. किरण पडलेला दिसेल.

आमच्या गावच्या जुन्या वास्तूची भिंत अयनदिनाच्या उगवतीकडे रोखलेली निघाली. हा योगायोग कसा असेल?

असू शकतो, आणि आपल्याला वाटतं त्यापेक्षा खूप सहज. हिशोब करून बघू.

कुठलीही सरळ भिंत दोन्ही टोकांकडून वाचता येते, म्हणून दिशांचा पसारा 360 नाही, 180 अंशांचाच. क्षितिज सपाट असेल तर सूर्याच्या खास रेषा तीनच राहतात: पूर्व-पश्चिम, जूनची उगवत (तीच उलटीकडून डिसेंबरची मावळत) आणि डिसेंबरची उगवत (तीच जूनची मावळत). प्रत्येक रेषेला दोन्ही बाजूंनी 2 अंशांची सूट द्या. तीन रेषा, प्रत्येकी 4 अंश, मिळून 12. म्हणजे 180 पैकी 12 अंश, अर्थात आंधळेपणाने बांधलेल्या दर 15 भिंतींपैकी एक सूर्याच्या रेषेत येणारच. एखाद्या जागेवर 10 वेगवेगळ्या दिशांच्या भिंती असतील, तर त्यातली निदान एक "जुळण्याची" शक्यता 50 टक्के होते. नाणं उडवण्याइतकी!

आता त्यात चंद्र घाला. चंद्राच्या उगवतीची टोकं 18.6 वर्षांच्या चक्रात कमी-जास्त होतात (मोठं टोक अलीकडे 2024-25 मध्ये गाठलं गेलं), त्यामुळे आणखी चार रेषा मिळतात. 10 भिंतींत एक तरी जुळण्याची शक्यता 82 टक्क्यांवर जाते. वर अगस्त्य, व्याध, कृत्तिका अशा ताऱ्यांनाही सामील करून घेतलं, की न जुळणारी भिंत शोधायलाच कष्ट पडतील.

म्हणून मी आधी विचारतो, "न जुळलेल्या भिंती किती होत्या?" बहुतेक वेळा त्या मोजलेल्याच नसतात.

मग ज्याबद्दल फारसा वाद नाही असं एखादं ठिकाण आहे का?

आहे. पेरू देशात लिमाच्या उत्तरेला, कास्मा नदीच्या खोऱ्यालगतच्या वाळवंटात, चांकियो नावाचं ठिकाण आहे. एका बुटक्या टेकडीच्या माथ्यावर दक्षिणोत्तर ओळीत 13 दगडी बुरुज उभे आहेत. ओळ सुमारे 300 मीटर लांब. बुरुजांचे माथे सपाट, उंची 2 ते 6 मीटर, दोन बुरुजांमध्ये साधारण 5 मीटरची फट. प्रत्येकाच्या उत्तर आणि दक्षिण अंगाला पायऱ्या आहेत. काळ इसवी सनापूर्वी 250 च्या आसपास. इंका साम्राज्य अजून दीड हजारांहून अधिक वर्षं दूर होतं.

दुरून पाहिलं तर कंगवा उलटा ठेवल्यासारखी ही ओळ दिसते. ती लोकांना कधीपासून माहीत होती, जवळच्या टेकडीवर एकात एक तटबंद्या असलेली मोठी वास्तूही होती, पण बुरुज कशासाठी हे कळत नव्हतं. पेरूचे पुरातत्त्वज्ञ इव्हान गेझी आणि इंग्लंडचे क्लाइव्ह रगल्स यांनी 2007 मध्ये याचं उत्तर मांडलं. बुरुजांच्या पश्चिमेला ठरावीक जागी उभं राहिलं, की ही 13 बुरुजांची ओळ उगवत्या सूर्याच्या वर्षभराच्या प्रवासाएवढीच रुंद दिसते. डिसेंबरच्या अयनदिनाला सूर्य उजव्या टोकाच्या बुरुजापाशी उगवतो. तिथून तो फटीफटीतून डावीकडे सरकत जूनमध्ये डाव्या टोकाला, पहिला बुरुज आणि शेजारचा डोंगर यांच्या मधल्या खाचेशी पोचतो. पूर्वेकडेही अशीच एक उभं राहण्याची जागा आहे, तिथून मावळतीचा हिशोब लागतो. कोणत्या फटीत सूर्य उगवला हे पाहून तारीख दोन-तीन दिवसांच्या फरकाने सांगता येते.

मला इथली सगळ्यात पटणारी गोष्ट बुरुज नाहीत, बोळ आहे. पश्चिमेच्या इमारतीच्या बाहेरच्या भिंतीला लागून सुमारे 40 मीटरचा एक बोळ जातो. तो इमारतीच्या आत उघडतच नाही. एका टोकाने शिरायचं आणि दुसऱ्या टोकाच्या तोंडाशी यायचं, बस. तिथून समोर 13 बुरुज. या ठिकाणच्या इतर दारांना दार अडकवायची सोय सापडते, या तोंडाला ती नाही. आणि नेमक्या याच जागी उत्खननात मातीची भांडी, शिंपले, दगडी वस्तू अशी अर्पण केलेली सामग्री मिळाली. म्हणजे कुणीतरी इथवर येत होतं, काहीतरी वाहत होतं आणि समोर बघत होतं. कुठे उभं राहायचं हे नकाशावर रेघ मारणाऱ्याने ठरवलेलं नाही, बांधणाऱ्यानेच ठरवून ठेवलं आहे.

त्यातच एक दुवा नंतरच्या काळाचा. सूर्याची उगवत-मावळत पाहण्यासाठी इंकांच्या कुस्को शहराभोवती खांब उभारलेले होते असं जुन्या स्पॅनिश बखरकारांनी लिहून ठेवलं आहे. ते खांब आज उरले नाहीत, पण त्या मुलखात ही रीत होती हे त्यावरून कळतं. 2021 मध्ये युनेस्कोने चांकियोला जागतिक वारसा यादीत घेतलं.

आयर्लंडचं न्यूग्रेंज?

तेही भक्कम. सुमारे इसवी सनापूर्वी 3200 मधली दगडी समाधी, आत 19 मीटरचा अरुंद मार्ग. दाराच्या वर दगडांचा एक वेगळा झरोका ठेवला आहे. डिसेंबरच्या अयनदिनाच्या आसपास उगवत्या सूर्याचा किरण दारातून नाही, या झरोक्यातून आतल्या गाभाऱ्यापर्यंत पोचतो आणि सुमारे 17 मिनिटं राहतो. उत्खनन करणारे मायकल ओ'केली यांनी 21 डिसेंबर 1967 ला आत बसून तो पाहिला. झरोक्याला दुसरा काही उपयोग सुचत नाही. म्हणूनच इथे एका किरणावरही विश्वास ठेवता येतो.

स्टोनहेंज तर सगळ्यात प्रसिद्ध. त्याचा नंबर इतक्या उशिरा का?

कारण त्याच्याभोवती दाव्यांचं रान माजलं आहे. मुख्य अक्ष जूनची उगवत आणि डिसेंबरची मावळत यांना धरून आहे, हे मान्य. त्यापुढचं बरंच काही 1960 च्या दशकात संगणकाच्या नवलाईत जोडलं गेलं. त्याच काळात अलेक्झांडर थॉम या इंजिनियरने ब्रिटनमधल्या शेकडो दगडी जागा स्वतः मोजल्या. मोजमाप इतकं नेटकं की आजही वाखाणावं. त्यांचा निष्कर्ष असा की प्राचीन लोक चंद्राचं टोक अंशाच्या बारीक भागापर्यंत टिपत होते. पुढे रगल्स यांनी पश्चिम स्कॉटलंडमधल्या 300 जागा पुन्हा तपासल्या, आणि कोणती जागा घ्यायची, कोणती नाही याचे नियम आधी ठरवून घेतले. एवढी बारीक अचूकता काही टिकली नाही. ढोबळ कल तेवढा राहिला.

भारतात हडप्पा काळातलं काही?

धोलावीराचं नाव घेतलं जातं. कच्छच्या रणातल्या खादिर बेटावरचं हे शहर. आर. एस. बिश्त यांच्या देखरेखीखाली तिथे उत्खनन झालं, आणि तेही चांकियोसारखंच 2021 मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं. हडप्पा शहरांत बहुतेक बांधकाम विटांचं, धोलावीरात मात्र दगड सढळ हाताने वापरलेला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले मयंक वाहिया आणि मणिपालचे श्रीकुमार मेनन यांनी 2013 मध्ये इथल्या एका वास्तूचा अभ्यास मांडला. तिच्यात दोन गोल खोल्या आहेत. चौकोनी खोल्यांच्या शहरात गोल खोल्या, हेच मुळात वेगळं. छतात ठरावीक जागी छिद्रं होती असं धरलं, तर आत पडणाऱ्या उजेडाच्या ठिपक्यावरून वर्षाचा हिशोब ठेवता येतो, आणि ही वास्तू वेधशाळा असू शकते, असं त्यांचं म्हणणं.

कल्पना मला आवडते. धोलावीरा जवळजवळ कर्कवृत्तावर आहे, तिथे जूनच्या अयनदिनाच्या मध्यान्ही सूर्य डोक्यावर येतो आणि काठीची सावली नाहीशी होते. असं शहर उभारणाऱ्यांना हे दिसलं नसेल असं म्हणणं अवघड. पण छत आज नाही, छिद्रंही नाहीत. ती गृहीत धरलेली आहेत, आणि हे लेखकांनी स्वतःच स्पष्ट लिहिलं आहे. बातम्यांमध्ये मात्र "गृहीत" गळून पडतं आणि "5,000 वर्षांपूर्वीची वेधशाळा सापडली" एवढंच उरतं. पटण्यासारखी शक्यता, सिद्ध झालेली नाही, असं मी म्हणेन.

कोल्हापूरचा किरणोत्सव? तो तर डोळ्यांनी दिसतो.

दिसतो, आणि बघण्यासारखाच आहे. अंबाबाईचं देऊळ पश्चिमाभिमुख. 9 ते 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी या दिवसांत मावळतीचे किरण महाद्वारातून थेट गाभाऱ्यात येतात. सूर्य जसजसा खाली जातो तसा किरण आडवा होत जातो, म्हणून उजेड फरशीवरून देवीच्या चरणांवर आणि तिथून वर चढतो.

लोक विचारतात, वर्षातून दोनदाच का? 10 नोव्हेंबर ते 21 डिसेंबर मोजा: 41 दिवस. 21 डिसेंबर ते 31 जानेवारी मोजा: तेवढेच. दक्षिणेकडे जाताना सूर्य ज्या जागी मावळला, परत येताना तिथेच मावळतो. पश्चिमेपासून सुमारे 18 अंश दक्षिणेला. दोन टोकांच्या मधल्या कुठल्याही दिशेला सूर्य वर्षातून दोनदा भेट देतो, एकदाच भेटतो तो फक्त टोकांना. तारखा इंग्रजी पंचांगात पक्क्या राहतात त्याचं कारणही हेच. घटना सूर्याची आहे, तिथीची नाही.

बांधणाऱ्यांनी हे मुद्दाम साधलं का? किरण गाभाऱ्यापर्यंत यायला दारं एका ओळीत, मधली जागा मोकळी आणि समोर लांबवर क्षितिज उघडं लागतं. एवढं जमून येणं आपोआप होत नाही. पण नोव्हेंबरची 10 तारीख अयनदिनही नाही आणि विषुवदिनही नाही, त्यामुळे नुसत्या दिशेवरून हेतू सिद्ध करता येत नाही. आजची खरी अडचण वेगळीच आहे. किरणांच्या वाटेत उभ्या राहिलेल्या इमारतींमुळे काही वर्षी किरण अर्ध्यावरच अडतात. हवेतली धूळ आणि ढग तर आहेतच.

खिद्रापूरला कार्तिक पौर्णिमेला चंद्र बरोबर छताच्या वर्तुळात येतो. तेही गणितच ना?

शिरोळ तालुक्यातलं कोपेश्वराचं देऊळ, शिलाहारांच्या काळातलं. त्याच्या स्वर्गमंडपाला छताच्या मध्यभागी मोठं गोल मोकळं आकाश आहे. गणित असं. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोर असतो. नोव्हेंबरच्या मध्यावर सूर्य विषुववृत्ताच्या 18 अंश दक्षिणेला, म्हणून चंद्र साधारण तेवढाच उत्तरेला. खिद्रापूरचा अक्षांश साडेसोळाच्या पुढे. तेव्हा मध्यरात्री चंद्र डोक्यावर येतो, हे खरं.

पण हे देवळापुरतं नाही. त्या रात्री इचलकरंजीतल्या कुठल्याही वाड्याच्या चौकात उभे राहा, चंद्र चौकातच असेल. शिवाय कार्तिक पौर्णिमा नोव्हेंबरात पुढे-मागे होते आणि चंद्राची कक्षा 5 अंशांनी कललेली आहे, त्यामुळे तो काही वर्षी डोक्यावरून चांगला आठ-नऊ अंश ढळलेला असतो. मंडप त्यामुळे कमी सुंदर होत नाही. त्या रात्री तिथे जावंच.

भिंत अचूक पूर्व-पश्चिम आहे. म्हणजे विषुवदिन पाहत असतील?

याची गरज नाही. जमिनीवर शंकू म्हणजे एक खुंटी उभी रोवा, भोवती दोरीने वर्तुळ काढा. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला जिथे शिवतं आणि दुपारनंतर जिथे पुन्हा शिवतं, ते दोन बिंदू जोडले की पूर्व-पश्चिम रेषा मिळाली. कात्यायन शुल्बसूत्रात ही पद्धत दिली आहे. वर्षातल्या कुठल्याही दिवशी, एका दिवसात काम होतं. अचूक पूर्व-पश्चिम भिंत म्हणजे गवंड्याला दिशा साधता येत होती, एवढंच. त्याने विषुवदिनाची वाट पाहिली असेल असं त्यातून निघत नाही.

आमच्या गडाच्या तटबंदीत सूर्याची दिशा सापडेल का?

सापडेल, कारण तटबंदी कड्याच्या काठाकाठाने वळत जाते आणि वळणाऱ्या भिंतीत सगळ्याच दिशा असतात. दरवाजाचं तोंड कुठे ठेवायचं हे वाट, उतार आणि शत्रूचा मारा बघून ठरे. गोमुखी दरवाजात तर समोरून दार दिसूच नये हाच हेतू. अशा ठिकाणी सूर्य शोधणं म्हणजे बांधणाऱ्याच्या खऱ्या अकलेकडे दुर्लक्ष करणं.

विदर्भातली शिळावर्तुळं हा वेगळा विषय. नागपूरजवळ जुनापाणीला अशी अनेक वर्तुळं आहेत, 1879 मध्ये रिव्हेट-कारनॅक या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्यांबद्दल लिहिलं. काही दगडांवर वाटीसारखे खळगे कोरलेले आहेत आणि त्यांच्या जागा सूर्याच्या दिशांशी जोडायचे प्रयत्न झाले आहेत. तिथे मोजण्यासारखं खरोखर काही आहे. गडांपेक्षा तिकडे वेळ घालवा.

मकर संक्रांतीला गेलं तर उत्तरायणाची रेषा दिसेल ना?

नाही. सूर्य उत्तरेकडे वळतो 21-22 डिसेंबरला. संक्रांत 14-15 जानेवारीला, कारण आपली पंचांगं राशी ताऱ्यांच्या हिशोबाने मोजतात आणि परांचनामुळे, म्हणजे पृथ्वीच्या अक्षाच्या अतिशय संथ गिरकीमुळे, ती चौकट आता 24 अंशांनी मागे-पुढे झाली आहे. 14 जानेवारीपर्यंत सूर्य टोकापासून पुष्कळ निघालेला असतो. तिळगूळ खायला जा, मोजायला डिसेंबरात जा.

हजारो वर्षांत सूर्याच्या दिशा बदलल्या नसतील?

थोड्या. पृथ्वीच्या अक्षाचा कल हळूहळू कमी होतो आहे. आज तो 23.44 अंश आहे, साडेचार हजार वर्षांपूर्वी 24 ला टेकला होता. फरक अर्ध्या अंशाच्या आसपास, म्हणजे सूर्याच्या एका बिंबाएवढा. विषुवदिनाच्या उगवतीत फरकच नाही.

ताऱ्यांचं मात्र तसं नाही. परांचनाचा फेरा सुमारे 26,000 वर्षांचा, तारे आपल्या जागेवरून 72 वर्षांत एक अंश सरकतात. म्हणून "ही भिंत व्याधाच्या उगवतीकडे आहे, तेव्हा ती अमुक साली बांधली" असं कुणी म्हणालं की सावध व्हा. तारा आपण निवडला, मग त्याला जुळेल ते साल निवडलं. दोन्ही चाव्या आपल्याच हातात असतील तर कुलूप उघडणारच. काळ आधी उत्खननातून, कोळशातून, लाकडातून ठरला पाहिजे.

मोबाईलच्या होकायंत्राने मोजलं तर?

सह्याद्रीत तर अजिबात नको. आपला काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट, त्यात लोहाचं चुंबकीय खनिज असतं. वीज पडलेल्या माथ्यावर काही खडक तर स्वतःच चुंबक होऊन बसतात. होकायंत्र भिंतीला टेकवा, मग दहा पावलं मागे या, काटा हललेला दिसेल. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाहूनही कमी फरक आहे, पण खडक त्याच्या कितीतरी पट घोळ घालतो. मोबाईलच्या खिशातल्या कव्हरला लोहचुंबक असेल तर बघायलाच नको.

मग मोजायचं कसं?

सूर्यालाच होकायंत्र करा. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, सूर्य भिंतीच्या रेषेत येतो तेव्हा भिंतीची एका बाजूला पडलेली सावली बारीक होत होत नाहीशी होते आणि मग दुसऱ्या बाजूला उमटते. नाहीशी झाली ती वेळ सेकंदासह लिहा. घरी येऊन स्टेलॅरियमसारख्या मोफत प्रणालीत ते ठिकाण, ती तारीख, ती वेळ घाला. सूर्याचा दिगंश, म्हणजे उत्तरेपासून मोजलेला दिशेचा कोन, हाच भिंतीचा दिगंश. आपल्या अक्षांशावर क्षितिजाजवळचा सूर्य आडव्या दिशेने तासाला जेमतेम 5 अंश सरकतो, म्हणजे वेळ एका मिनिटाने चुकली तरी चूक अंशाच्या दहाव्या भागाच्या आतच. मात्र सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनी बघायचं नाही. बघायची ती सावली.

भिंत सूर्याच्या अंगणाबाहेरच्या दिशेला असेल तर ओळंबा लटकवा आणि त्याच्या सावलीचा भिंतीशी होणारा कोन मोजा. लांब भिंत असेल तर उपग्रहाच्या चित्रावरही चांगली मोजता येते.

तीन गोष्टी लोक विसरतात. पहिली, भिंत स्वतः किती सरळ आहे. 10 मीटरच्या भिंतीला 10 सेंटीमीटरचा फुगवटा असेल तर अर्ध्या अंशाहून जास्त चूक तिथेच झाली. मग निष्कर्षात दशांश स्थळं लिहू नयेत. दुसरी, क्षितिज. समोर 5 अंश उंच डोंगर असेल तर पुण्याच्या अक्षांशावर उगवत सुमारे पावणेदोन अंश दक्षिणेला सरकते. तिसरी, वातावरण. क्षितिजापाशी किरण इतके वाकतात की सूर्य टेकलेला दिसतो तेव्हा तो खरा पूर्ण खाली गेलेला असतो.

सपाट क्षितिजासाठी सूत्र सोपं आहे: दिगंशाची कोज्या (कोसाइन) म्हणजे क्रांतीची ज्या (साइन) भागिले अक्षांशाची कोज्या. आणि हो, सगळ्या भिंती मोजा. कंटाळवाण्याही.

आम्ही अमेरिकेत न्यू इंग्लंडला राहतो. इथे जंगलात मैलोन्‌मैल दगडी भिंती आहेत.

त्यातल्या बहुतेक अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या शेतकऱ्यांनी घातलेल्या. हिमनद्यांनी मागे टाकलेले दगड शेतातून उचलून बांधावर रचले, पुढे शेती सुटली आणि त्या जागी रान वाढलं. न्यू हॅम्पशरमधल्या सेलम गावाजवळची एक जागा "अमेरिकेचं स्टोनहेंज" म्हणून दाखवली जाते, पण तिथले दगड विसाव्या शतकातल्या मालकाने हलवलेले आहेत. हललेल्या दगडाची दिशा मोजून काय मिळणार?

शंभर टक्के आकाशासाठीच बांधलेली भिंत बघायची असेल तर?

जयपूरचं जंतरमंतर. सवाई जयसिंगांच्या सम्राट यंत्राची, म्हणजे तिथल्या महाकाय सूर्यघड्याळाची, तिरकी भिंत सुमारे 27 मीटर उंच आहे आणि तिचा चढ जयपूरच्या अक्षांशाएवढा, म्हणजे 27 अंश. तो थेट ध्रुवाकडे जातो. बाजूच्या वक्र पट्टीवर बारीक खुणा कोरलेल्या आहेत आणि सावलीची कड त्यांवरून सेकंदाला साधारण एक मिलिमीटर सरकते. ऊन असेल तर पट्टीजवळ बसून बघा, सरकताना दिसते.

मोजायला परवानगी लागते का?

संरक्षित स्मारकात तिवई, ड्रोन किंवा मोजणीची उपकरणं न्यायची असतील तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी काढा. घड्याळ, वही आणि ओळंबा नेला तर सहसा कुणी अडवत नाही, तरी पहारेकऱ्याला सांगून ठेवलेलं बरं. भिंतीवर खडूने खुणा करू नका, दगडावर चढू नका. फोटो काढताना फोनचं घड्याळ नेटवर्कवरून जुळवलेलं आहे ना, हे आधी तपासा.